देवीचा माळ आणि ठकूबाईची मूठ

बसा, मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका. देवाच्या दारात अंतर राखून बसायला आपण काही पाहुणे नाही. टाळकऱ्यांनो, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्ही पाणी प्या. आता मला बोलायचंय आणि तुम्हाला ऐकायचंय – दोन्हींत अवघड काम तुमचं आहे!

एक प्रश्न विचारतो. देव 'नको' म्हणाला, तर भक्तानं काय करावं?

बोला की. हे पुढं बसलेले काका, त्यांनी लगेच हात जोडले. म्हणजे त्यांचं उत्तर आलं. देव नको म्हणाला, हात जोडायचे, गप्प बसायचं. छान! सोपं आहे. फार सोपं आहे, म्हणूनच मला शंका येते. हात जोडलेला माणूस भक्त दिसतो, हे खरं. पण हात जोडलेल्या माणसाला काम सांगता येत नाही, हेही तितकंच खरं! मग यातलं भक्तीचं जोडणं कुठलं आणि अंगचोरीचं कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक आख्यान सांगतो. पुराणातलं नाही. याचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि थोडा माझ्या हातांनी केलाय. ऐका.

घाटमाथ्यावर, गाडीरस्ता संपून पायवाट लागते तिथं, करंजदऱ्याचा धनगरवाडा. बावीस घरं. शेती म्हणाल तर नाचणीचे चार तुकडे. बाकी सगळा संसार म्हशींवर. वाड्याच्या वरच्या अंगाला मोठा माळ, आणि माळाच्या मधोमध जननीआईचं देऊळ. देऊळ केवढं? चार दगडी खांब, वर कौलं, आत शेंदराची शिळा. पण माळ सगळा तिचा! चारी बाजूंना शेंदूर लावलेले दगड पुरलेले. त्या दगडांच्या आत म्हशींनी चरावं, माणसांनी बसावं, पण लोखंड न्यायचं नाही, असा नेम. कोयता नाही, विळा नाही, कुदळ नाही. कनवटीला अडकित्ता असला, तरी तो दगडापाशी ठेवून आत जायचं. पान खाणाऱ्यांची केवढी पंचाईत!

हसू नका. त्या नेमानंच तो माळ राखला होता. कापायचं नाही, खणायचं नाही, नांगरायचं नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथं गुडघाभर गवत उभं राहिलं. त्या गवतावर म्हशी पोसल्या, म्हशींवर माणसं पोसली. आपल्या पणज्यांना शहाणपण नव्हतं असं कुणी समजू नये.

आणि मग, मंडळी, एका वर्षी माळावर रानमोडी आली.

ठाऊक आहे ना रानमोडी? उग्र वासाचं झुडूप. पौषात फुलतं, आणि फाल्गुनात त्याचं बी सावरीच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर निघतं. ना त्याला कुंपण अडवतं, ना शेंदराचा दगड. पहिल्या वर्षी देवळामागं दोन झुडपं दिसली. लोक म्हणाले, असू दे, हिरवंच आहे. दुसऱ्या वर्षी वीस. लोक म्हणाले, पाऊस बरा झालाय यंदा! चौथ्या वर्षी देऊळ दिसेना. माणसाच्या डोक्यावर गेलेली दाटी, आणि तिच्या खाली गवताची एक काडी नाही. म्हशी त्या झुडपाला तोंड लावत नाहीत. भुकेनं लावलंच, तर आजारी पडतात.

आता यात एक बाई आहे. ठकूबाई येडगे. पन्नाशीची, नवरा मागंच गेलेला, पोरबाळ नाही. गोठ्यात तीन म्हशी. त्यातली भिंगरी म्हणजे तिचा जीव. का? तर ठकूबाईचं लग्न झालं, तेव्हा तिच्या आईनं एक पारडी आंदण दिली होती. त्या पारडीची लेक, तिची लेक, ती ही भिंगरी. आई गेली, माहेरचं घरही मोडलं. माहेर म्हणून तिच्याकडं काय उरलं? ती एक म्हैस! सासुरवाशिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर अशी भिंगरी त्या उन्हाळ्यात गाभण, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली. ठकूबाई नाचणीच्या पेंढ्यातला आपला वाटा तिच्या पुढ्यात टाकायची आणि तिच्या गळ्याखाली हात फिरवत बसायची. दुसरं काय करणार?

वाड्यानं काहीच केलं नाही, असं नाही. देवीला कौल लावला. कौल म्हणजे, देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नको'. खालच्या गावचे तातोबा गुरव रोज पूजेला वर यायचे, त्यांनी कळ्या लावल्या. वाड्याचे कारभारी बिरू झोरे यांनी प्रश्न घातला – आई, रानमोडी कापायला आत लोखंड आणू का? डावी पडली. पुढच्या वर्षी तोच प्रश्न. डावी! तिसऱ्या वर्षी पुन्हा तोच. पुन्हा डावी.

आता सगळे काकांसारखे हात जोडून मोकळे! आईच नको म्हणते, आपण काय करणार? काका, रागावू नका हं. तुमचे हात समोर होते, म्हणून तुमचं नाव.

बिरू कारभारी मात्र स्वस्थ बसणारा गडी नव्हता. त्यानं दगडांच्या बाहेरच्या पट्ट्यात गडी घातले. तिथं लोखंडाला बंदी नाही. चार दिवस कोयते चालले, रानमोडी आडवी केली, वाळवली, पेटवली. पट्टा कसा चकचकीत! आणि पाऊस पडल्यावर? एकेका बुडख्यातून सात-सात फुटवे! वर्षाच्या आत आतल्यापेक्षा बाहेरची दाटी जास्त झाली. झालं, लोक म्हणाले, देवीचा कोप. अहो, कोप कसला? बुडखा जमिनीत शाबूत होता, तो फुटला. पण आपल्याकडं एक बरं असतं – काम अर्धं करायचं आणि उरलेल्याला कोप म्हणायचं!

भिंगरी गाभण होती, त्या वर्षीचा श्रावण लागला. वाड्याची बैठक बसली आणि बिरूनं निर्णय सांगितला. दिवाळी झाली की म्हशी बाजारात न्यायच्या, सगळ्यांच्या, आणि ज्यानं त्यानं खाली उतरून काम बघायचं. वाईट माणूस नव्हता तो. स्वतःच्या अकरा म्हशी होत्या त्याच्या, आणि त्याही बाजारात जाणार होत्या. ठकूबाई उठून गोठ्यात गेली आणि भिंगरीच्या मानेवर डोकं टेकून रडली. मोकळी रडली. तिचं माहेर दुसऱ्यांदा मोडायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हशी घेऊन माळावर गेली. पाऊस नुकता उघडलेला, भुई लोण्यासारखी. देवळाच्या उतारावर बाईचा पाय घसरला. पडताना माणूस काय करतं? हाताला येईल ते धरतं. तिनं धरलं रानमोडीचं कमरेएवढं झाड. झाडानं तिला सावरलं का? छे! झाड मुळासकट हातात आलं आणि बाई सपशेल चिखलात! भिंगरी गवताची काडी शोधता शोधता थांबून बघत राहिली म्हणे.

ठकूबाई चिखलात बसली आणि हातातल्या झाडाकडं बघू लागली. पांढरी मुळं, झुपक्यासारखी, वीतभरसुद्धा खोल नाहीत. वर एवढा माज आणि खाली एवढंसं मूळ! तिनं शेजारचं झाड धरलं, बुडाशी दोन्ही मुठी घातल्या, पाय रोवला आणि ओढलं. आलं. तिसरं ओढलं, तेही आलं. मोठं खोड होतं ते मात्र हललं नाही.

त्या सकाळी तिनं खळ्याएवढी जागा मोकळी केली. उपटलेली झाडं कातळावर नेऊन मुळं वर करून टाकली, कारण ओल्या मातीवर टाकलं तर ते पुन्हा जीव धरतं. हात हिरवे झाले. दुपारी भाकरीला तोच उग्र वास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच जागा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गोठ्यात जुन्या गंजीच्या जागी गवताचं बी पडलेलं असतं, ते तिनं झाडून नेलं आणि मोकळ्या जागेत फेकलं.

वाड्यानं काय म्हणावं? अहो, लोकांचं ठरलेलं असतं! एक म्हणाला, म्हातारीला खूळ लागलं. दुसऱ्यानं हिशेब केला, की रोज एक खळं धरलं तर माळ उरकायला हिला दुसरा जन्म घ्यावा लागेल. हिशेब बरोबर होता. तो मदतीला गेला असता, तर हिशेब बदलला असता, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी तातोबा गुरव पूजेला आले. बघतात तो ठकूबाई देवीच्या हद्दीत दोन्ही हातांनी उपटतेय. गुरव नेमाचा माणूस. आयुष्यभर त्यानं तो माळ राखला होता. घाबरला बिचारा.

"ठकूबाय, काय करतीस हे? तीनदा कौल डावा पडलाय!"

ठकूबाई कंबर धरून उभी राहिली. म्हणाली, "इचारलं काय हुतं, तात्या?"

"आत लोखंड आणू का, म्हणून."

"मग म्या कुठं लोखंड आणलंय?" आणि तिनं दोन्ही तळवे पुढं केले. हिरवे, सोललेले, मातीनं भरलेले.

मंडळी, इथं थांबा जरा. तीन वर्षं, तीन कौल, बावीस घरं, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही की आईनं कोयत्याला 'नको' म्हटलंय. हाताला नाही! का आलं नाही ध्यानात? कारण कोयता लावायचा तर गडी लावता येतात. हात लावायचा तर स्वतःचा लागतो. आणि बाहेरच्या पट्ट्यात बघा, कोयत्यानं काय झालं! आई 'नको' म्हणत होती ते उगीच नाही. पण तिचं ऐकून कोण घेतंय? आपल्याला 'नको' एवढंच ऐकू येतं.

गुरव चांगला होता, पण गुरवच तो! ओंजळीत कळ्या होत्याच. म्हणाला, थांब, हाताचाही कौल लावून बघू, आई हो म्हणाली की मग उपट.

ठकूबाईनं मान हलवली. तिचं पुढचं बोलणं तातोबांनी स्वतः मला जसंच्या तसं सांगितलंय. सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

"न्हाई तात्या. लेक म्हायेरी आली, आणि आईचं अंगण तिला घाण दिसलं, तर ती केरसुणी उचलती. आईला इचारतीया व्हय, झाडू का म्हणून?"

बघा! कुठल्या शाळेत गेली होती ती? कुठला ग्रंथ वाचला होता? जिचं माहेर मोडलं होतं, तिनं देवीच्या माळाला माहेर म्हटलं, आणि माहेरात काम करायला परवानगी लागत नाही, एवढं तिला कळत होतं. आम्ही पोथ्या उघडून बसतो, आणि हे सुटतं आमच्याकडून.

तातोबांना लाज वाटली. चांगली लाज, माणसाला सरळ करणारी. ते देवळात गेले, ओंजळीतल्या कळ्या कौलासाठी न लावता देवीच्या पायाशी नुसत्या वाहिल्या. बाहेर आले, धोतराचा काचा मारला आणि ठकूबाईच्या शेजारी वाकले. पासष्टीचा माणूस. पहिल्याच झाडाला मागच्या मागं पडले आणि दोघंही हसली.

आता ज्याचा कौल, तोच गुरव माळावर उपटतोय म्हटल्यावर वाडा किती दिवस दारात बसणार? आधी बाया आल्या. नेहमीचंच आहे, आधी बायाच येतात. मग पुरुष आले, कामाला नाही, बघायला! बघता बघता एकानं हात घातला. ठकूबाई सगळ्यांना एकच सांगायची – "भुई ओली हाय तवर हात घाला. वाळली की मूळ यायचं न्हाई, वरचंच तुटंल." आणि फूल धरायच्या आत उपटायचं, कारण फुललेलं झाड उपटून नेताना वाटभर बी सांडतं.

जुनी खोडं मात्र हातानं हलेनात. तेव्हा आला बिरू कारभारी. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा जाड दोर आणि आपला हेला, म्हणजे रेडा, घेऊन. लोखंड नाही! दोराचा फास खोडाच्या बुडाशी घातला, हेल्याच्या खांद्याला बांधला आणि हाळी दिली. हेल्यानं मान खाली घातली, दोन पावलं टाकली, आणि खोड मुळासकट बाहेर! बिरूनं वाकून तो खड्डा बघितला. ठकूबाईला एवढंच म्हणाला, की वैनी, चार दिवस गडी घातले होते मी त्या पट्ट्यात. तिनं दोराचं दुसरं टोक उचललं.

मग काय, दिवाळीपर्यंत सगळा माळ मोकळा झाला? नाही, मंडळी. मी खोटं सांगणार नाही. जेमतेम पाचवा हिस्सा झाला. पण त्या पाचव्या हिश्श्यावर घोट्याएवढं कोवळं गवत आलं होतं. बाजाराचा दिवस उजाडला. बिरू सकाळी माळावर गेला, त्या गवतात बसला आणि परत आला. म्हशी काही सोडल्या नाहीत त्यानं. कुणी विचारलं तर म्हणाला, पुढच्या दिवाळीला बघू. मार्गशीर्षात भिंगरी व्याली. पारडी झाली. ठकूबाईच्या माहेरचं एक माणूस वाढलं!

बाकीच्या माळाला पुढं तीन पावसाळे लागले. आणि अजून ते काम संपलेलं नाही, बरं का. दर वर्षी वारा बी आणतो, दर श्रावणात पोरं-थोरं माळावर वाकतात. आता तर नेमच झालाय. श्रावणातल्या सोमवारी दर्शनाला जायचं, तर हातात मूठभर रानमोडी हवी, आणि तिला मुळं हवीत. फूल नाही, हार नाही. मूठ दाखवायची, कातळावर टाकायची, मग पायरी चढायची.

मला हे कुठं ठाऊक होतं? मी गेल्या श्रावणात तिथं कीर्तनाला गेलो. नवं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात नारळ. शेंदराच्या दगडापाशी तातोबा उभे. अडकित्ता काढून घेतला, ठीक. मग म्हणतात, "बुवा, मूठ?" मी म्हटलं, नारळ आणलाय की! म्हणाले, नारळ पोरं खातील, मूठ आणा. आता आली का पंचाईत? चार लोक बघतायत. गेलो बाजूला. एक झाड धरलं, जोर लावला, आणि कट्‌दिशी आलं हातात! झोकात वर धरलं.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. कधी पाहिलं नव्हतं तिला, पण तिचे तळवे बघितले आणि ओळखलं. ती माझ्या हाताकडं बघून शांतपणे म्हणाली,

"बुवा, वरचं आलं. मूळ ऱ्हायलं. परत घाला हात."

मंडळी, तीस वर्षं मी या चौरंगाशेजारी उभा राहून लोकांना सांगतोय – राग सोडा, लोभ सोडा, मत्सर सोडा. आणि घरी गेल्यावर माझा राग बायकोला विचारा! सात-सात फुटवे! तीस वर्षं मी वरचंच खुडत आलो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईनं सांगितलं, आणि मला राग आला नाही. मी वाकलो, बोटं चिखलात घातली, बुडखा शोधला आणि ओढला. धोतर गेलं कामातनं. पण मूळ आलं.

काका, मघाशी जोडलेले हात अजून तसेच आहेत का? सोडा जरा. बघा त्यांच्याकडं. देवानं ते जोडायला दिले, हे खरं, पण सबंध दिवस नाही दिले! आपण देवाला काय विचारतो, सांगू? आपण नेमकं तेच विचारतो, ज्याला 'नको' येणार हे आधीच माहीत असतं. मग 'नको' आलं की आपण सुटलो!

आज संध्याकाळी मी तुमच्या गायरानातून चालत आलो. गाजरगवत माझ्या कमरेला लागत होतं. दोन गाई त्यात उभ्या होत्या, गवत शोधत. मी विचारलं, हे कसं? तर मला सांगण्यात आलं, बुवा, ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, दोन वर्षं झाली, उत्तर नाही. अर्ज! म्हणजे तुमचाही कौलच की!

अजून ते फुललेलं नाही. कालच पाऊस झालाय, भुई ओली आहे. उद्या सकाळी सहा वाजता मी तिथं असेन. हाताला फडकं गुंडाळून या, त्या गवतानं खाज सुटते. कोयते घरी ठेवा. आणि तिथं आल्यावर मला विचारू नका – बुवा, उपटू का?